फोटोत दिसत नाही, म्हणून दुखत नाही?

गुडघ्याचा फोटो उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणतात, "तशी फार झीज नाहीये," आणि त्या घटकेपासून घरात त्या बाईच्या दुखण्यावरचा विश्वास उडतो. "डॉक्टरच म्हणाले ना, विशेष काही नाही? मग एवढं कण्हायला काय झालं?" परवा भाचीच्या हळदीत ती चार पावलं नाचली होती, हेही कुणीतरी बरोबर लक्षात ठेवलेलं असतं. पुढे ती जिना चढताना कठडा धरते, रात्री कूस बदलताना कळवळते, पण बोलत नाही. दुखणं अंगावर काढायची सवय आपल्या बायकांना पिढीजात आहे. आता त्यावर एक्स-रेचा शिक्काही बसतो.

या अविश्वासामागचा युक्तिवाद दिसायला शास्त्रीय आहे, म्हणूनच तो खोडून काढायला हवा. तो थोडक्यात असा: ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे सांध्याची झीज. झीज एक्स-रेवर मोजता येते. जेवढी झीज, तेवढं दुखणं. त्याहून जास्त दुखत असेल तर ते मनाचं. आणि हल्ली 'मज्जासंस्था संवेदनशील झाली आहे' असं जे म्हणतात, ते या मनाच्या दुखण्यालाच दिलेलं भारदस्त नाव. पुरावा काय, तर सांधा बदलला की दुखणं जातं. घरातल्या काकांपासून काही डॉक्टरांपर्यंत हे सगळे ठामपणे बोलतात. त्यातलं एकेक विधान तपासून पाहू.

झिजेपासून सुरुवात करू. 'गुडघ्यातलं ग्रीस संपलंय' हे आपल्याकडचं लाडकं स्पष्टीकरण. सांगायला सोपं, ऐकणाऱ्याला लगेच पटणारं. पण ग्रीस संपलेल्या बेअरिंगला दुखत नाही, आणि कूर्चेलाही दुखत नाही. हाडांच्या टोकांवरच्या त्या गुळगुळीत आवरणात ना रक्तवाहिन्या असतात ना चेतातंतू. शिवाय साध्या एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली फट, आणि तिच्या रुंदीवरून कूर्चा किती उरली याचा अंदाज बांधायचा. चेतातंतू असतात ते कूर्चेखालच्या हाडात, सांध्याच्या आतल्या अस्तरात, भोवतालच्या पिशवीत, वाटीखालच्या चरबीच्या गादीत. दुखतं तिथे.

अमेरिकेत डेव्हिड फेल्सन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. एक्स-रेवर ऑस्टिओआर्थ्रायटिस दिसत असलेल्या ४०१ जणांचे एमआरआय त्यांनी पाहिले. त्यांतल्या ३५१ जणांचे गुडघे दुखत होते, ५० जणांचे दुखत नव्हते. हाडाच्या आत, मगजाच्या भागात, सूज आल्यासारखे बदल दुखणाऱ्यांपैकी ७७.५ टक्क्यांत सापडले, न दुखणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांत. हे बदल साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. म्हणजे दुखण्याचं कारण सांध्यातच असलं तरी फोटो ते टिपेलच असं नाही. 'फोटोत नाही म्हणजे सांध्यात नाही' ही उडी इथेच फसते.

आता आकडे. जॉन बेडसन आणि पीटर क्रॉफ्ट यांनी २००८ साली तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. गुडघा दुखतो म्हणणाऱ्यांपैकी किती जणांच्या एक्स-रेत ऑस्टिओआर्थ्रायटिस होता? वेगवेगळ्या अभ्यासांत १५ ते ७६ टक्के. आणि एक्स-रेत ऑस्टिओआर्थ्रायटिस असलेल्यांपैकी किती जणांना दुखत होतं? १५ ते ८१ टक्के. या तफावतीला कारणं होती: फोटो कोणत्या बाजूने काढला, 'दुखणं' कशाला म्हटलं, कोणत्या वयाची माणसं घेतली. पण मोजण्याच्या पद्धतीनुसार उत्तर इतकं बदलत असेल, तर त्या पट्टीवर एखाद्या माणसाला खरं किंवा खोटं ठरवायचा अधिकार कुणालाही पोहोचत नाही.

ही पट्टी आली कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. एक्स-रेवरून ० ते ४ अशा पायऱ्या ठरवण्याची पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी १९५७ साली मांडली. पुढे रोगाच्या सर्वेक्षणांसाठी ती जगभर रूढ झाली. समोर बसलेल्या माणसाला किती दुखतंय हे त्या पायरीवरून ठरवा, असं तिच्यात कुठेही नाही. ते आपण परस्पर लावून घेतलं. याच जोनास केलग्रेननी १९३८ साली स्नायूंत मिठाचं तीव्र द्रावण टोचून, दुखणं टोचलेल्या जागेपासून दूर कसं जाणवतं, यावर मूलभूत काम केलं होतं. म्हणजे ज्यांच्या नावाने आपण फोटोला सर्वज्ञ ठरवतो, त्यांना दुखणं आणि त्याची जागा यांचा हिशेब सरळ नसतो हे पायऱ्या ठरवण्याच्या बऱ्याच आधी ठाऊक होतं.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच मांडतो, कारण तो टाळून केलेला प्रतिवाद पोकळ ठरेल. तुहिना निओगी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली वेगळी युक्ती केली. एका माणसाची दुसऱ्याशी तुलना न करता त्यांनी एकाच माणसाच्या दोन गुडघ्यांची तुलना केली: एक दुखणारा, एक न दुखणारा. तेव्हा एक्स-रे आणि दुखणं यांचा संबंध चांगलाच घट्ट निघाला. ज्या गुडघ्यात झीज जास्त, तोच दुखण्याची शक्यता जास्त. झीजवाद्यांना इथे टाळ्या वाजवाव्याशा वाटतील. पण जरा थांबून विचार करा. एकाच माणसाचे दोन गुडघे घेतले की वय, वजन, झोप, स्वभाव आणि मज्जासंस्था सगळं सारखं राहतं. फरक उरतो तो सांध्याचा. मग फोटो बोलतो. दोन वेगळी माणसं घेतली की तोच फोटो अडखळतो. याचा अर्थ, दुखण्याचा मोठा वाटा सांध्याबाहेर, त्या त्या माणसाच्या शरीरात आहे. झीजवाद्यांचा उत्तम पुरावा शेवटी आमच्याच बाजूने साक्ष देतो.

सांध्याबाहेरचं ते काय, आणि ते मोजता येतं का? येतं. चाचणी अशी असते. मुठीत मावणारं एक यंत्र, टोकाला साधारण एक चौरस सेंटिमीटरची रबरी चकती. ती गुडघ्याच्या कडेला टेकवून दाब हळूहळू, ठरलेल्या वेगाने वाढवत नेतात. समोरच्याला एवढंच सांगितलेलं असतं: नुसतं दाबल्यासारखं वाटतंय तोवर गप्प राहा, ज्या क्षणी दुखायला लागेल त्या क्षणी सांगा. आकडा टिपला जातो. मग तीच चकती नडगीच्या स्नायूवर आणि शेवटी हातावर, कोपराच्या खाली टेकवतात. हातात तर कसलीच झीज नाही. तरीही गुडघ्याच्या दुखऱ्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये हातावरसुद्धा दुखणं कमी दाबाला सुरू होतं. डेन्मार्कच्या लार्स आरेन्ट-निल्सन यांच्या गटाने २०१० साली हे दाखवलं, आणि २०१२ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणातूनही तेच निघालं.

दुसरी चाचणी आणखी बोलकी. बोथट सुईने एकदा टोचतात आणि विचारतात, शून्य ते दहात किती? मग तितक्याच जोराने, सेकंदाला एक, असं दहा वेळा टोचतात आणि पुन्हा विचारतात. टोचणं तेच, पण दुखणं चढत जातं. निरोगी माणसातही थोडं चढतं; ज्यांचा सांधा फार दुखतो त्यांच्यात जास्त. तिसरी गोष्ट अशी की एका जागी जोरात दुखत असताना दुसऱ्या जागचं दुखणं शरीर एरवी दाबून धरतं. ही दाबून धरण्याची ताकद अशा रुग्णांत कमी झालेली आढळते. म्हणजे आत येणारा संदेश वाढतो आणि त्याला अडवणारा बंदोबस्त ढिला पडतो.

याची उलटी बाजू क्वचितच सांगितली जाते. दुखणं वाढतं तशी दुसरी संवेदना घटते. पायाच्या अंगठ्यापाशी, घोट्यापाशी कंपनं धरली तर ती ऑस्टिओआर्थ्रायटिस असलेल्यांना उशिरा जाणवतात. डोळे मिटून गुडघा एका कोनात वाकवला आणि 'पुन्हा तितकाच वाकवा' म्हटलं तर अंदाज चुकतो. लीना शर्मा यांच्या १९९७ सालच्या अभ्यासात तर एकाच गुडघ्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस असलेल्यांचा दुसरा, चांगला म्हणवणारा गुडघाही या परीक्षेत कमी पडला. 'पाय कुठे पडतोय कळत नाही', 'गुडघा एकदम लटपटतो' असं बायका सांगतात तेव्हा त्या अशाच काहीतरी बदलाचं वर्णन करत असतात. आणि अनेक अभ्यासांचा हिशेब घेतला तर साधारण पाचांतल्या एकाच्या दुखण्याला नसांच्या दुखण्यासारखी छटा असते: आग होणं, मुंग्या येणं, नुसत्या पांघरुणाच्या स्पर्शानेही चुरचुरणं. दुखणं जास्त आणि जाण कमी, हे दोन्ही एकाच वेळी नाटक करून आणता येत नाही. बसल्याजागी कुणाला प्रयत्न करून पाहायचा असेल तर जरूर करावा.

इथे ठरलेला आक्षेप येतो: "म्हणजे शेवटी मेंदूचंच ना? मनाचंच!" यासारखं आळशी वाक्य दुसरं नाही. संदेश असा वाढवणाऱ्या मज्जारज्जूतल्या बदलाच्या अभ्यासाचा पाया १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ यांनी 'नेचर'मध्ये घातला, तो उंदरांवरच्या प्रयोगांतून. आणि त्या उंदरांच्या मेंदूचा वरचा भाग आधीच वेगळा केलेला होता. पायाला इजा झाल्यावर त्यांच्या मज्जारज्जूतल्या पेशी पूर्वी न जुमानलेल्या हलक्या स्पर्शालाही प्रतिसाद देऊ लागल्या. त्या उंदरांना सासू नव्हती, कामचुकारपणा नव्हता, कुणाचं लक्ष वेधून घ्यायचं नव्हतं. बदल पेशींमध्ये झाला होता.

मनाचा संबंध नाही असं मी म्हणत नाही. आहे, आणि तो दुखण्याच्या याच वाटांमधून आहे. झोप मोडली की निरोगी माणसालाही दुखणं लवकर जाणवतं. मुलं दूर गेली, घरात एकटेपणा आला, मन खचलं की दुखणं वाढतं. पण मनामुळे दुखणं वाढणं वेगळं आणि दुखणं खोटं असणं वेगळं. चिंतेने रक्तदाब वाढला तर तो रक्तदाब खोटा आहे असं कुणी म्हणत नाही. आणि हळदीतल्या चार पावलांचा हिशेब मांडणाऱ्यांना एवढंच सांगणं की या आजारात दोन तऱ्हेची दुखणी असतात. एक सतत ठणकणारं, दुसरं अवचित येऊन जाणारं, तीव्र. एका संध्याकाळी नाचता आलं यातून दुसऱ्या सकाळी काय होणार होतं ते सिद्ध होत नाही.

मग ऑपरेशन. सांधा बदलल्यावर दुखणं जातं, म्हणजे ते सांध्यातच होतं, हा युक्तिवाद निम्मा बरोबर आहे आणि तो निम्मा मी आनंदाने मान्य करतो. स्वीडनमध्ये २००० साली खुब्याच्या आणि डेन्मार्कमध्ये २०१२ साली गुडघ्याच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासांत, ऑपरेशननंतर ज्यांचं दुखणं गेलं त्यांची ती वाढलेली संवेदनशीलताही ओसरली. म्हणजे ही आग सांधाच धुमसत ठेवत होता. २००० साली ब्रीच कँडीत तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यावर डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून हे ऑपरेशन घराघरांत पोहोचलं. २०१७ साली सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत ५४,७२० रुपयांवर आली, तेव्हा ते अनेकांच्या आवाक्यातही आलं. हजारो लोकांना त्याने चालतं केलं, याबद्दल वाद नाही.

वाद उरलेल्या निम्म्याबद्दल आहे. अँड्र्यू बेस्विक आणि सहकाऱ्यांच्या २०१२ सालच्या आढाव्यानुसार गुडघा बदललेल्यांपैकी १० ते ३४ टक्क्यांना पुढेही त्रासदायक दुखणं राहिलं. खुब्याच्या बाबतीत ७ ते २३ टक्क्यांना. सांधा नवा कोरा, धातूचा. मग दुखतंय काय? काही वेळा जंतुसंसर्ग, सांधा सैल होणं अशी कारणं सापडतात आणि ती आधी शोधलीच पाहिजेत. पण ती नसतील तर झीजवाद्यांकडे उत्तर उरत नाही, आणि मग पुन्हा 'मनाचं' हे पालुपद सुरू होतं. याच माणसांना ऑपरेशनआधी कुणी विचारलं असतं की दुखणं गुडघ्यापुरतंच आहे की सर्वांगात आहे, रात्री झोप लागते का, स्पर्शाला आग होते का, तर निदान अपेक्षा तरी नीट ठरल्या असत्या. ऑपरेशन करू नका असं मी म्हणत नाही; ते फक्त फोटो बघून ठरवू नका, एवढंच म्हणतो.

आता दुसऱ्या टोकाकडेही वळायला हवं, कारण तिथेही उत्साही मंडळी जमली आहेत. 'दुखणं मेंदूत आहे, सांधा विसरा' असं सांगणारे झीजवाद्यांइतकेच चुकतात. टॅनेझुमॅब नावाचं इंजेक्शन चेतातंतूंना डिवचणाऱ्या एका प्रथिनाला अडवायचं. दुखणं खरोखर कमी झालं. पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने खराब होऊ लागले. २०१० साली अमेरिकेत चाचण्या थांबवाव्या लागल्या, पुढे त्या पुन्हा सुरू झाल्या, आणि २०२१ साली तिथल्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मतांनी औषधाच्या विरोधात कौल दिला. दुखण्याकडे फक्त दाबून टाकायचा आवाज म्हणून पाहिलं तर सांधा त्याची किंमत वसूल करतो. ऑस्टिओआर्थ्रायटिसचं दुखणं सांधा आणि मज्जासंस्था यांच्यामध्ये घडतं. त्यातलं एक सोडून दुसऱ्यावर बोट ठेवणं ही सोय आहे, निदान नव्हे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: "हे सगळं ठीक, पण दिवसाला शंभर पेशंट बघणाऱ्या डॉक्टरने हे कधी करायचं?" यंत्र आणायची गरजच नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार वय ४५ किंवा जास्त, हालचालीने वाढणारं दुखणं, आणि सकाळी सांधे आखडणं अजिबात नाही किंवा अर्ध्या तासापुरतंच, एवढ्यावर ऑस्टिओआर्थ्रायटिसचं निदान करावं. फोटो सरसकट काढायची आवश्यकता नाही. फोटो वाचवून मिळालेल्या वेळात चार प्रश्न विचारता येतात. आपल्याच पुणे जिल्ह्यात भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी केलेलं सांधेदुखीचं सर्वेक्षण याचा उत्तम दाखला आहे. तिथे सुरुवात फोटोपासून झाली नाही. आधी घरोघरी जाऊन चार हजारांवर प्रौढांना विचारलं गेलं की दुखतं का, कुठे दुखतं.

विचारल्याने उपचारही बदलतात. आग होते, मुंग्या येतात असं सांगणाऱ्या बाईला आधी मधुमेह आहे का, बी-१२ कमी आहे का, कंबरेत नस दबली आहे का, हे तपासायला हवं. सगळं गुडघ्याच्या नावावर खपवून चालणार नाही. न तपासता प्रत्येक गुडघ्याला प्रीगॅबॅलिन आणि मिथिलकोबालामिनची जोडगोळी लिहून देणं हेही उत्तर नव्हे. ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी तिच्या बाजूने भक्कम पुरावा नाही. मज्जासंस्थेच्या वाटेवर काम करणाऱ्या ड्युलॉक्सेटिनला अमेरिकेत २०१० साली अशा दीर्घकालीन दुखण्यासाठी मान्यता मिळाली. त्याचा फायदा माफक, दुष्परिणाम लक्षात ठेवण्याजोगे. ते निवडक रुग्णांनाच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं. आणि व्यायाम. डेन्मार्कमधल्या २०१४ सालच्या चाचणीत १२ आठवडे देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांचं दुखणं तर कमी झालंच, पण दाबाला असलेली संवेदनशीलताही घटली. 'झिजलंय, चालू नका' हा सल्ला किती घरांत देतात! व्यायाम सोसेल तेवढ्याने सुरू करून वाढवायचा, आणि त्यात तोल सांभाळण्याचा सराव हवा, कारण पायाची जाणच कमी झालेली असते. सांधा एकाएकी गरम होऊन सुजला, ताप आला, गुडघा अडकून बसला किंवा वजनच टाकवेना, तर मात्र व्यायाम बाजूला ठेवून तातडीने डॉक्टर गाठायचा.

तेव्हा डॉक्टरांना विनंती: फोटो बघा, पण 'काही नाही' म्हणू नका. 'फोटोत फारसं नाही, आता तुम्ही सांगा' असं म्हणा. त्या वाक्यानंतर पेशंटसोबत आलेला मुलगाही आईकडे वळून ऐकू लागतो. घरच्यांना विनंती: जिच्या गुडघ्याबद्दल बोलताय तिलाच विचारा, आणि उत्तर मिळाल्यावर त्यावर शंका घेऊ नका. आणि जिचं दुखतंय तिला सांगणं एवढंच की पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना एका चिठ्ठीवर लिहून न्या: कधी दुखतं, कसं दुखतं, आणखी कुठे दुखतं, झोप किती लागते. ती चिठ्ठी फोटोच्या आधी टेबलावर ठेवा.